रक्त थांबते तेव्हा मेंदू कसा जगतो?



आजचा विषय शस्त्रक्रियेचा आहे, पण बोलणारा डॉक्टर नाही. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. मेंदूचे चित्र फळ्यावर काढता काढता वीस वर्षे झाली. मेंदूबद्दल आपल्याला बरेच समजते अशी माझी आपली एक समजूत होती. ती समजूत माझ्या मामींनी एका प्रश्नात उतरवली. तो प्रश्न आधी सांगतो, म्हणजे आजचे भाषण कशासाठी ते आपल्या ध्यानात येईल.

माझे मामा शेतकरी. वय अठ्ठावन्न. रक्तदाब वाढलेला होता, गोळ्या चालू होत्या. पण बरे वाटू लागले म्हणून त्यांनी त्या आपल्या मनानेच बंद केल्या. एके दिवशी सकाळी गोठ्यात असताना त्यांच्या छातीत आणि पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये, एकदम कळ आली. हळूहळू वाढत गेलेली नव्हे, एकदम. "कुणीतरी आतून टरकावतंय," असे ते म्हणाले आणि खाली बसले. तालुक्याच्या डॉक्टरांनी दोन्ही हातांच्या नाड्या पाहिल्या. एका हाताची जोरात, दुसऱ्याची मंद. त्यांनी वेळ न घालवता शहरात पाठवले. तिथे सी. टी. स्कॅन झाला आणि दुखणे कळले: हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीचे अस्तर आतून फाटले होते.

रात्री शल्यचिकित्सकांनी आम्हाला बोलावून घेतले. ते म्हणाले, "आत्ताच शस्त्रक्रिया करावी लागेल. त्यांचं अंग थंड करू आणि काही वेळ शरीराचा रक्तप्रवाह पूर्ण बंद ठेवू. हृदयही थांबलेलं असेल."

कागदावर सही करायची होती मामींना. त्यांनी पेन हातात धरले आणि विचारले, "डॉक्टर, म्हंजे तेवढा येळ ह्यांचा जीव कुठं असणार?"

डॉक्टर क्षणभर थांबले. मामींनी माझ्याकडे पाहिले. मी शिकलेला भाचा, मेंदूवर व्याख्याने देणारा. मला उत्तर आले नाही. डॉक्टरांनी मग एका पाकिटाच्या मागे चित्र काढून दहा मिनिटे समजावले आणि मामींनी सही केली. त्या दहा मिनिटांत जे कळले आणि नंतर वाचून, विचारून जे समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

छत्रीची मूठ

आधी ही रक्तवाहिनी पाहू. मराठीत तिला महारोहिणी म्हणतात. हृदयाच्या डाव्या भागातून ती निघते, वर जाते, छातीच्या वरच्या भागात वळते आणि कण्याच्या कडेने खाली पोटात उतरते. आपल्या जुन्या छत्रीची वाकडी मूठ डोळ्यांपुढे आणा. तसाच तिचा आकार. त्या वळणाला महारोहिणीची कमान म्हणतात. हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकते. ते सारे प्रथम या एकाच वाहिनीत येते.

आता गंमत, किंवा अडचण म्हणा, अशी की या कमानीच्या माथ्यावरूनच तीन फांद्या वर फुटतात. पहिली पुढे दुभंगून उजव्या हाताला आणि मानेच्या उजव्या बाजूला जाते. दुसरी मानेच्या डाव्या बाजूने वर चढते. तिसरी डाव्या हाताकडे जाते. मेंदूला मिळणारे सगळे रक्त या तीन फांद्यांतूनच येते. म्हणजे मेंदूचा पाट इथेच फुटतो.

या महारोहिणीला दोन मोठे आजार होतात. एक फुगवट्याचा. सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या जागी फुगा येतो तशी भिंत पातळ होऊन फुगते आणि एक दिवस फुटू शकते. दुसरा अस्तर फाटण्याचा. महारोहिणीची भिंत तीन थरांची असते. आतला थर चिरला की रक्त थरांच्या मध्ये घुसते आणि गोधडीचे अस्तर उसवावे तशी भिंत लांबवर उसवत जाते. ही फाट हृदयाजवळच्या भागात असली तर दुखणे फार घातक. पहिल्या दोन दिवसांत उपचारावाचून दर तासाला शंभरात एक-दोन रुग्ण दगावतात, असा हिशोब डॉक्टर मंडळी पूर्वीपासून सांगत आली आहेत. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० साली अचानक मरण पावला. त्याचे वैद्य फ्रँक निकोल्स यांनी शवविच्छेदन केले तेव्हा हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठलेले आणि महारोहिणीला आडवी चीर पडलेली आढळली. राजाच्या पदरी वैद्य होते, पण इलाज नव्हता.

मुख्य नळाची दुरुस्ती

गावातल्या टाकीचा मुख्य नळ फुटला तर आपण काय करतो? आधी चावी बंद करतो, मग तुकडा कापून नवा बसवतो. पाणी चालू ठेवून नळ जोडता येत नाही. महारोहिणीचेही तसेच. फाटलेला भाग कापून तिथे कृत्रिम धाग्याने विणलेली नळी शिवायची, तर त्या जागी रक्त नको. हृदयाला विश्रांती देण्याची सोय झाली आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या मदतीने हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी केली. तेव्हापासून काही तास यंत्राने रक्त फिरवणे आणि त्यात प्राणवायू भरणे शक्य झाले.

पण कमान दुरुस्त करायची तर यंत्र असूनही अडचण उरते. चावी लावायची जागाच मेंदूच्या फांद्यांच्या मुळाशी. चावी बंद केली की मेंदूचे पाणी तुटले!

आणि मेंदू हा फार हावरा अवयव आहे. माणसाच्या वजनाच्या पन्नासाव्या भागाएवढे त्याचे वजन, पण शरीर जेवढा प्राणवायू खर्च करते त्याचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू खातो. त्याला दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त लागते. शिवाय तो साठा करीत नाही. घरात कणगी भरलेली असली की एखादा पावसाळा निघतो. मेंदूचे मात्र हातावर पोट. रक्त थांबले की दहा-एक सेकंदांत शुद्ध जाते आणि नेहमीच्या उष्णतेवर चार-पाच मिनिटांनंतर त्याच्या पेशी कायमच्या मरू लागतात. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या फारशा उगवत नाहीत. हातपाय लुळे पडणे, वाचा जाणे, आठवण जाणे हे सारे त्यातून येते.

नळी शिवायला मात्र वीस, तीस, चाळीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांचा जीव तीस मिनिटे कसा टिकवायचा? महारोहिणीच्या कमानीवरील शस्त्रक्रियेचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरला आहे.

थंडीचा उपयोग

उत्तराची किल्ली आपल्या स्वयंपाकघरातच आहे. उन्हाळ्यात विरजण लावले तर चार-पाच तासांत दही होते. थंडीच्या दिवसांत तेच दही लागायला रात्र पुरत नाही. घरातली माणसे भांडे चुलीच्या उबेला ठेवतात. का? सजीव पेशींतल्या रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. एकाच दुधाच्या दोन वाट्यांत सारखे विरजण घालावे. एक उबेला ठेवावी, दुसरी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवावी आणि मुलांना दर तासाला नोंद करायला सांगावी.

मेंदूचे असेच आहे. उष्णता दर १० अंशांनी उतरवली की त्याची प्राणवायूची भूक निम्म्याहूनही खाली येते. कंदिलाची वात खाली केली म्हणजे तेवढ्याच तेलात तो रात्रभर पुरतो, तशीच ही युक्ती.

ही युक्ती शस्त्रक्रियेत आणण्याचे मोठे श्रेय कॅनडातील टोरांटोचे डॉ. विल्फ्रेड बिगेलो यांना जाते. कडक हिवाळ्यात बिळात झोपून राहणारे प्राणी त्यांनी अभ्यासले. त्या झोपेत या प्राण्यांचे अंग चार-पाच अंशांपर्यंत थंड होते, हृदय अगदी सावकाश चालते आणि वसंत आला की ते उठून चालू लागतात. बिगेलो यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून १९५० साली दाखवले की शरीर थंड केले तर रक्तप्रवाह काही मिनिटे थांबवूनही प्राणी जगू शकतो. पुढे २ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीचे अंग सुमारे २८ अंशांपर्यंत थंड करून तिच्या हृदयाच्या पडद्यातील भोक शिवले. त्यांना वेळ मिळाला साडेपाच मिनिटांच्या आसपास. मुलगी वाचली.

महारोहिणीच्या कमानीला हात घालण्याचे धाडस ह्यूस्टन शहरातील मंडळींनी केले. डॉ. मायकेल डिबेकी, क्रॉफर्ड, कूली आणि मॉरिस यांनी मृत व्यक्तीची महारोहिणी बसवून संपूर्ण कमान बदलल्याचे १९५७ साली प्रसिद्ध केले. या डिबेकींची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कृत्रिम रक्तवाहिनीसाठी नायलॉनचे कापड आणायला ते दुकानात गेले. नायलॉन संपले होते, म्हणून डॅक्रॉन नावाचे नवे कापड घेऊन आले आणि बायकोच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या. शिवण त्यांना लहानपणी आईने शिकवली होती. पुढे डॅक्रॉनच्या नळ्या जगभर वापरल्या गेल्या. आणि योगायोग पाहा: २००५ सालच्या शेवटच्या दिवशी, वयाच्या ९७ व्या वर्षी, खुद्द डिबेकींच्याच महारोहिणीचे अस्तर फाटले. २००६ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ते बरे झाले आणि २००८ साली, शंभरीला दोन महिने कमी असताना वारले.

कमानीच्या शस्त्रक्रियेत खोल थंडीची पद्धत रुळली ती १९७५ नंतर. त्या साली डॉ. रँडल ग्रिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड येथील चार रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. अंग खूप थंड करायचे, मग यंत्रही बंद करायचे आणि रक्त पूर्ण थांबलेले असताना कमान बदलायची, अशी ती पद्धत. डॉक्टर ज्याला "रक्तप्रवाह पूर्ण बंद ठेवणे" म्हणाले, ते हेच.

थंडीचे घड्याळ

पण थंडी म्हणजे अमरत्व नव्हे. ती फक्त घड्याळ मंद करते, थांबवीत नाही. ग्रिप यांच्याच न्यूयॉर्कमधील मंडळींनी १९९९ साली हे घड्याळ मोजून मांडले. ३७ अंशांवर मेंदूला रक्ताविना सुमारे ५ मिनिटे सुरक्षित मिळतात. ३० अंशांवर ९ मिनिटे. २५ अंशांवर १४. २० अंशांवर २१. १५ अंशांवर ३१ आणि १० अंशांवर ४५ मिनिटे. हे आकडे सरासरीचे आहेत, माणसामाणसांत फरक पडतो. त्याआधी १९९३ साली ह्यूस्टनमधल्या ६५६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला होता. त्यातही हेच दिसले: रक्त थांबवण्याचा काळ ४० मिनिटांपुढे गेला की पक्षाघाताचा धोका वाढतो, ६५ मिनिटांपुढे गेला की मृत्यूचाही वाढतो.

मग आणखी थंड का करू नये, असे आपण विचाराल. प्रश्न योग्य आहे. फार थंडीत रक्त दाट होते, पुढे ते गोठण्याची शक्ती बिघडते आणि जखमेतून वाहत राहते. थंड करायला वेळ, पुन्हा ऊब आणायला त्याहून जास्त वेळ. तेवढा वेळ यंत्र चालू राहते आणि त्याचा ताण फुफ्फुसांवर, मूत्रपिंडांवर पडतो. औषधाचीही मात्रा असते, तशी थंडीचीही आहे.

पाटाला बगल देऊन पाणी

म्हणून दुसरा विचार पुढे आला. बाकीच्या शरीराचे रक्त थांबवू, पण मेंदूचे कशाला थांबवायचे? मुख्य पाट बंद असताना एका शेताला बाजूने चारी काढून पाणी द्यावे तसे मेंदूला वेगळे पाणी देऊ.

याच्या दोन तऱ्हा झाल्या. पहिली उलट्या बाजूची. डोक्याकडून हृदयाकडे रक्त परत आणणारी जी मोठी नीला असते, तिच्यातून उलटे थंड रक्त वर ढकलायचे. १९९० च्या सुमारास जपानमध्ये डॉ. युईची उएदा यांनी ही पद्धत पुढे आणली. तिच्यामुळे मेंदू थंड राहतो, वाहिन्यांतला केरकचरा उलट बाहेर यायला मदत होते. पण मेंदूचे पोट तिने पुरेसे भरत नाही, असे दिसून आले.

दुसरी तऱ्हा सरळ बाजूची. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्यांतूनच, नेहमीच्याच दिशेने, थंड रक्त बेताने द्यायचे. जपानचे डॉ. तेरुहिसा काझुई यांनी या पद्धतीचा मोठा अनुभव जमवला. त्यांनी ठरवलेले माप असे: रुग्णाच्या वजनाच्या दर किलोला मिनिटाला १० मिलिलिटर. म्हणजे ६० किलोच्या माणसाला मिनिटाला ६०० मिलिलिटर. थंड झालेल्या मेंदूला एवढे पुरते. जास्त दिले तर मेंदूला सूज येण्याची भीती, कमी दिले तर उपास. रोपाला पाणी घालण्यासारखेच आहे हे!

आज पुष्कळ ठिकाणी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली चीर देऊन, हाताकडे जाणाऱ्या रोहिणीला यंत्राची नळी जोडतात. कमानीची पहिली फांदी मुळाशी चिमट्याने दाबली की यंत्राचे रक्त हातातून मागे येऊन उजव्या मानेने वर मेंदूत चढते. डाव्या बाजूचे काय? इथे निसर्गाने एक फार सुंदर सोय केलेली आहे. मेंदूच्या तळाशी उजव्या-डाव्या आणि पुढच्या-मागच्या रोहिण्या एकमेकींना जोडून एक कडे तयार होते. इंग्लंडचे वैद्य टॉमस विलिस यांनी १६६४ साली आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले म्हणून त्याला विलिसचे कडे म्हणतात. त्या ग्रंथातील चित्रे ख्रिस्तोफर रेन यांनी काढली होती. लंडनचे सेंट पॉल चर्च ज्यांनी बांधले, तेच हे रेन. या कड्यातून उजवीकडचे रक्त डावीकडे जाते. मात्र सर्वांच्याच मेंदूत हे कडे पूर्ण असते असे नाही. म्हणून डाव्या मेंदूला रक्त पोचत नाही असे दिसले तर डाव्या मानेच्या रोहिणीत दुसरी नळी घालतात.

पोचत नाही हे कळते कसे? शिक्षकांनो, अंधाऱ्या खोलीत पेटलेल्या टॉर्चवर तळहात दाबून पाहा. बोटे लाल दिसतात. प्रकाश मांसातून थोडा आरपार जातो. लाल प्रकाशाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तर हाडातूनही आत जातो. प्राणवायू भरलेले रक्त आणि प्राणवायू संपलेले रक्त तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली या गुणाचा उपयोग दाखवला. आता रुग्णाच्या कपाळावर डावीउजवीकडे दोन पट्ट्या चिकटवतात आणि मेंदूतील प्राणवायूचा आकडा पडद्यावर सतत दिसत राहतो. डावीकडचा आकडा घसरू लागला की भूलतज्ज्ञ लगेच हाक देतात.

मेंदूला असे खाद्य मिळू लागल्यापासून फार खोल थंडीची गरज कमी झाली. आता पुष्कळ शल्यचिकित्सक २० ते २८ अंशांच्या मधल्या थंडीवर काम करतात.

दुसरा शत्रू

रक्ताचा उपास हा एक शत्रू झाला. दुसराही आहे आणि तो लबाड आहे: कचरा. वयोमानाने महारोहिणीच्या आत चरबीचे आणि चुन्याचे थर बसतात. शिवताना त्यातला एखादा कण सुटला आणि वर मेंदूत गेला की तिथली बारीक वाहिनी बंद. हवेचा बुडबुडाही तेच करतो. पंपात हवा धरली की पाणी चढत नाही, हे आपण विहिरीवर पाहिलेलेच आहे. म्हणून कमानीला हात लावण्यापूर्वी तिच्यातले थर कुठे आहेत ते पाहून घेतात. उघड्या जखमेवर कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. तो हवेपेक्षा जड, म्हणून हवेला हटवतो आणि रक्तात चटकन विरघळतो. शेवटी रक्त सुरू करण्यापूर्वी रुग्णाचे डोके खाली करून सगळी हवा काळजीपूर्वक बाहेर काढतात.

ऊब परत आणताना

अंग थंड होते ते यंत्रात. आपल्याकडचा पाणी तापवायचा बंब आठवा: मध्ये विस्तव, भोवती पाणी. इथे त्याच्या उलट: रक्ताच्या भोवतीने गार पाणी खेळवतात आणि रक्त थंड होऊन शरीरात परत जाते. शिवाय डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवतात. काम झाले की याच वाटेने ऊब परत आणतात. आणि इथे घाई अजिबात चालत नाही. उपाशी माणसाला एकदम जेवू घातले तर ते त्याला बाधते. मेंदूचेही तसेच. रक्त भराभर तापवले तर त्याची भूक एकदम वाढते आणि त्यात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे सुटू शकतात. म्हणून आत जाणारे रक्त आणि शरीर यांच्या उष्णतेत १० अंशांहून जास्त फरक पडू देत नाहीत आणि ३७ अंशांच्या वर तर जाऊच देत नाहीत. या टप्प्यात ताप मेंदूचा वैरी असतो.

एवढे सगळे करूनही धोका संपत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काहींना पक्षाघात होतो, काही दिवसचे दिवस गोंधळलेले राहतात, काही वाचत नाहीत. पण जिथे पूर्वी मृत्यू जवळजवळ ठरलेला होता, तिथे आज पुष्कळ माणसे चालत घरी जातात.

मामींच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या रात्रीकडे येतो. मामांचे अंग २५ अंशांपर्यंत उतरवले. महारोहिणीचा वर जाणारा भाग आणि कमानीची सुरुवात बदलली. शरीराचे रक्त ३२ मिनिटे बंद होते. त्या ३२ मिनिटांत उजव्या हाताच्या वाटेने मेंदूला मात्र थंड रक्त बेताने मिळत होते. मघाचा हिशोब आठवा: २५ अंशांवर रक्ताविना १४ मिनिटे. ३२ मिनिटे निभावली ती या चारीमुळे.

मामींचा प्रश्न होता, तेवढा वेळ जीव कुठे असणार? जीव म्हणजे काय, हे मानसशास्त्राला अजून नीट सांगता आलेले नाही आणि त्या वादात मी शिरत नाही. पण डॉक्टरांनी मामींना जे सांगितले ते मला पटले. ते म्हणाले, "मावशी, रात्री चुलीतला निखारा तुम्ही विझवता का?" मामी म्हणाल्या, "नाही, राखेखाली झाकून ठेवते." "मग आम्हीही तेच करणार. बाहेरून विझल्यासारखं दिसेल. सकाळी फुंकर घालू." मामींनी त्यावर सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी डोळे उघडले. परिचारिकेने हात दाबायला सांगितला, त्यांनी दाबला. उजवा, मग डावा. तिसऱ्या दिवशी नळी निघाल्यावर पहिला प्रश्न त्यांनी म्हशीचा विचारला. आवाज मात्र घोगरा झाला होता. आवाजाची डावी नस कमानीखालून वळसा घालून जाते, म्हणून काहींना असे होते. तो पुढे बराच सुधारला. महिनाभर आठवणीत थोडा गोंधळ राहिला, तोही गेला.

आपल्या हाती काय आहे?

इतकी मोठी विद्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयातच असणार. पण तिचा उपयोग होतो की नाही, हे पुष्कळदा गावातच ठरते. म्हणून चार गोष्टी सांगून संपवतो.

पहिली गोष्ट रक्तदाबाची. महारोहिणीचे अस्तर फाटण्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून माणूस फसतो. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन तो मोजून घ्या. गोळी चालू असेल तर बरे वाटते म्हणून बंद करू नका. बरे वाटते ते गोळीमुळेच. विडी-सिगारेट असेल तर सोडा.

दुसरी, दुखणे ओळखण्याची. छातीत किंवा पाठीत एकाएकी, फाडल्यासारखी कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, एखादा हात गार पडला, तर "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पीत बसू नका, पाठ चोळत बसू नका. १०८ ला फोन करा. आपल्या मनाने गोळ्या देऊ नका. हृदयविकाराच्या झटक्यावरची काही औषधे रक्त पातळ करतात, ती या दुखण्यात उलटू शकतात. डॉक्टरांना दुखणे कसे, कुठे आणि किती वाजता सुरू झाले ते नेमके सांगा.

तिसरी गोष्ट नात्याची. घरात कोणाच्या महारोहिणीला फुगवटा असेल, कोणी असे अचानक गेले असेल, तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी एकदा तपासून घ्यावे. मामांच्या दोन्ही मुलांनी तसे केले.

चौथी खास शिक्षकांसाठी. वर्गात एखादे मूल वयाच्या मानाने फारच उंच, सडपातळ, लांबलांब बोटांचे, छाती खोलगट आणि नजर अधू असे दिसले, तर पालकांना भिववू नका. पण एकदा हृदय तपासून घ्या, असे जरूर सांगा. काही मुलांमध्ये ही जन्मजात कमकुवत महारोहिणीची खूण असते. शिक्षकाची नजर इथे डॉक्टरांच्या आधी पोचते.

मामा आज शेतावर जातात. जड उचलायला बंदी आहे. रोज रात्री जेवणानंतर मामी त्यांच्या हातावर रक्तदाबाची गोळी ठेवतात आणि ती घेतली की नाही हे पाहिल्याशिवाय उठत नाहीत. आपल्याही घरी कोणाची अशी गोळी चालू असेल, तर आज ती घेतली का, एवढे विचारा.